खुले पत्र : आधी गट नंबर लिहा, मग बटण बघा

प्रति,
असई गाव आणि केळना व जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातल्या बाकी गावांच्या ग्रामसभा,
त्या गावांतल्या शाळांचे गुरुजी आणि बाई,
तसेच डिटेक्टर घेऊन शेतं हिंडणारी पोरं

विषय : शेतात सापडणारी जुन्या पलटणींची बटणं, आणि त्यांच्यासाठी एक दोनशे पानी वही

रामराम मंडळी,

मी जुन्या जालन्यातला शिंपी. वडलांनी पोलिसांचे, होमगार्डचे आणि लग्नाच्या बँडवाल्यांचे कोट शिवले. मी त्यांच्याच मशीनवर शाळेचे गणवेश शिवत म्हातारा झालो. इतिहास माझा विषय नाही. कापड, काज आणि बटण एवढंच मला कळतं. पण त्यामुळेच तुमच्या बाजूची माणसं रुमालाच्या गाठीत काहीबाही बांधून आणतात आणि विचारतात, "टेलर, हे कोणत्या जमान्याचं?" परवा एक पोरगं मोबाईलवर फोटो घेऊन आलं. "काका, वेलिंग्टनचं बटण हाय. पाच हजाराला मागितलंय." फोटो मोठा करून पाहिला तर बटण एन.सी.सी.चं. एन.सी.सी. निघाली १९४८ साली, आणि तो इंग्रज वेलिंग्टन, तेव्हाचा नुसता जनरल वेलस्ली, असईच्या रानात शिंदे-भोसल्यांशी लढला २३ सप्टेंबर १८०३ ला. पोरगं हिरमुसलं. मी त्याला चहा पाजला आणि तो गेल्यावर हे पत्र लिहायला घेतलं.

मागणं एकच आहे, ते आधीच सांगून टाकतो. ग्रामसभेत एक ठराव घ्या आणि पंचायतीत नाहीतर शाळेत एक वही ठेवा. रानात जुनं बटण, शिशाची गोळी, पट्ट्याचं बक्कल, काहीही सापडलं की त्यात गट नंबर, तारीख आणि कशी सापडली ते लिहायचं. वस्तू घासायची नाही आणि विकायची नाही. बाकीचं पत्र हे सगळं कशासाठी ते सांगायला आहे, आणि माझ्या हातून जे झालं ते कबूल करायला.

चाळीस वर्षं होत आली. तुमच्याच भागातला एक शेतकरी लेकीच्या लग्नाचं कापड घेऊन दुकानात आला. जाता जाता त्याने कोपरीच्या खिशातून एक करडं बटण काढलं. "वखरताना निघालं. असलंच आणखी चार मिळतील का, जाकिटाला लावतो." मी हसलो, त्याला पितळी बटणं टाचलेला एक पुठ्ठा दिला आणि ते करडं बटण गल्ल्यात टाकलं. त्याचं गाव कोणतं, शेत कुठे, काही म्हणता काही विचारलं नाही. संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी ते बाहेर काढलं. शिंप्याला कळकट बटण बघवत नाही. चिंच आणि राख घेऊन घासलं. वरची खपली निघाली आणि तिच्याबरोबर अक्षरंही निघाली. एक इंग्रजी सात तेवढा राहिला. त्याच्या शेजारी आणखी एक आकडा होता, बोटाला त्याचा उंचवटा लागला होता, तो गेला. तेव्हा मला वाटलं, जाऊ दे, एक बटण ते काय.

ते काय, हे पुढे सांगतो. आधी बटण ओळखायचं कसं ते.

पहिली गोष्ट, आपल्या मुलखातल्या सगळ्या लढायांची बटणं सापडत नाहीत. पालखेडला १७२८ साली बाजीरावाने निजामाला कोंडलं, उदगीरला १७६० साली भाऊसाहेबाने निजामाला नमवलं, राक्षसभुवनला गोदेच्या काठी १७६३ साली माधवरावाने विठ्ठल सुंदराचा पाडाव केला. पण त्या काळचा आपला शिपाई बटण लावतच नव्हता. अंगरख्याला बंद, बंडीला बंद, आणि बाराबंदीला तर नावाप्रमाणे बारा. फार झालं तर कापडाचीच वळलेली गुंडी. बंद सुती, गुंडी सुती. काळ्या मातीत पाच-सहा पावसाळ्यांत त्याचं काही उरत नाही. इंग्रजांनी आपल्या पायदळाच्या बटणावर पलटणीचा आकडा घालायचा हुकूम काढला तोच मुळी १७६७ साली. तेव्हा कुणी तुम्हाला आकड्याचं बटण दाखवून "हे उदगीरच्या लढाईतलं" म्हणालं, तर त्याला पाणी द्या आणि वाटेला लावा.

दुसरी गोष्ट, बटण उलटं करा. सगळे लोक तोंड बघतात. शिंपी पाठ बघतो. आमच्यात दोन जाती, भोकाचं बटण आणि कडीचं बटण. पलटणीच्या कोटाचं बटण बहुतेक कडीचंच. १८०३ च्या सुमाराचा साधा गोरा शिपाई जे बटण लावायचा ते कथलाच्या मिश्रधातूचं, चपटं, एकसंध ओतलेलं असे. पाठीवरची कडीसुद्धा त्याच ओतकामातली. कथिल म्हणजे कल्हईवाला भांड्याला लावतो तेच. मातीत राहून ते करडं-काळं पडतं, कडेने भुगा होतो, हातात घेतलं तर शिशासारखं मऊ लागतं. अधिकाऱ्याचं बटण वेगळं. हाडाच्या नाहीतर लाकडाच्या चकतीवर चांदीचा किंवा सोन्याचं पाणी दिलेला पातळ पत्रा वळवलेला. हाड कुजलं की नुसती चिमटलेली टिकली उरते आणि लोक ती चॉकलेटचा कागद समजून फेकतात. फेकू नका.

आता खरी मेख. दोन पत्रे कडेला एकमेकांत दाबून केलेलं, आतून पोकळ असं पितळी बटण हातात आलं तर ते असईच्या लढाईतलं नाही. धातूच्या त्या दुपदरी बटणाची युक्तीच १८१३ च्या सुमारास इंग्लंडात आली. साध्या शिपायांची कथलाची बटणं जाऊन पितळी आली १८५५ साली. १८७१ नंतर साध्या शिपायांच्या बटणावरचा पलटणीचा आकडाही गेला आणि सगळ्यांना एकच राजचिन्हाचं बटण आलं. दहा वर्षांनी, १८८१ ला, इंग्रजी पायदळाच्या पलटणींचे आकडेच मोडीत निघाले. म्हणजे कथिल, पितळ, आकडा आणि राजचिन्ह एवढ्या चार खुणांवर तुम्ही अर्धं शतक इकडे की तिकडे हे घरबसल्या सांगू शकता. पाठीवर लंडन किंवा बर्मिंगहॅम असं गोल लिहिलेलं असेल तर ते कारखानदाराचं नाव-गाव. फर्मिन ही लंडनची फार जुनी बटणवाली पेढी. तिचं नाव दिसलं म्हणून बटण जुनंच असं मात्र समजू नका, ती पेढी पुढेही शेकडो वर्षं बटणं करत राहिली.

चित्रावरूनही काळ कळतो. मागच्या पायांवर उभा राहून पुढच्या पंजात मुकुट धरलेला सिंह दिसला तर तो कंपनी सरकारचा, म्हणजे साधारण १८५८ च्या आधीचा. नुसता मुकुट असेल तर त्याच्या कमानी बघा. मध्यभागी खाली दबलेल्या असतील तर व्हिक्टोरिया राणीचा काळ. घुमटासारख्या वर फुगलेल्या असतील तर १९०१ नंतरचा राजा. मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले की २६ जानेवारी १९५० च्या पुढचं, मग ते कितीही गंजलेलं असो. पगडीसारखा दस्तार असेल तर निजामाच्या फौजेकडे नजर वळवा. नळदुर्गच्या बाजूला तशी बटणं निघाली तर नवल नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौज सोलापूरकडून आत शिरली ती त्याच वाटेने.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, आपल्या रानात निघालेलं प्रत्येक बटण लढाईचंच. मी मोजदाद ठेवली नाही, पण माझ्याकडे आलेल्यांत निम्म्याहून जास्त लढाईची नव्हतीच. जालना ही हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे निजामाच्या पैशावर इंग्रज अधिकाऱ्यांनी चालवलेल्या फौजेची छावणी. औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, इथेही छावण्या. १९०३ साली ती फौज इंग्रजांच्या हिंदी लष्करात मिसळून टाकली, पण त्याआधीची कित्येक दशकं तिथले शिपाई बाजाराला गेले, रजेवर गेले, ओढ्यावर कपडे धुतले, बटणं तुटली. त्यातून आमच्या धंद्यातली एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. जुने लष्करी कोट मोडीत निघाले की बाजारात यायचे. ते कोतवालाने घातले, रखवालदाराने घातले, आणि बँडवाल्यांनी तर आवडीने घातले. वडलांनी एका बँडचे सोळा कोट शिवले होते. बटणं मोडबाजारातली, चार जातींची. एकावर नांगर. शेतातला नव्हे, जहाजाचा. जालन्यापासून समुद्र किती लांब आहे तुम्हीच सांगा. उद्या त्यातलं एखादं कुणाच्या बांधावर निघालं तर लोक म्हणतील, असईला इंग्रजांचं आरमार आलं होतं.

रेल्वे १९०० साली आली, तिचेही गणवेश आले, त्यांच्या बटणावर इंग्रजी आद्याक्षरं. पोलीस, स्काउट, पट्टेवाले. हे सगळं लढाई नव्हे. पण तेही वहीत येऊ द्या. नको ते गाळायचं काम नंतर करता येतं, न लिहिलेलं परत आणता येत नाही.

आता असईकडे या. तुम्ही तिथलेच, रान तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. तरी एका शिंप्याच्या डोळ्याने पुन्हा बघा.

शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज केळनेच्या पलीकडे पसरलेली. वेलस्ली पूर्वेकडे वळला आणि नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावं दिसली, तेव्हा त्याने ओळखलं की मधे उतार असणारच. समोरासमोरची गावं उताराशिवाय वसत नाहीत, हे आपल्या कुठल्याही गुराख्याला ठाऊक असतं. त्या पिंपळगाव-वरूडच्या उतारावरून तो पलीकडे गेला आणि दोन नद्यांच्या बेचक्यात उभा राहिला. डाव्या हाताला केळना, उजव्या हाताला जुई, समोर शिंद्यांच्या कवायती पलटणींची रांग. त्या पलटणी पोलमन नावाच्या जर्मन सरदाराच्या हुकमाखालच्या, शिवाय उत्तरेतल्या सरधन्याच्या बेगम समरूच्याही तुकड्या होत्या. पोलमनने आपली रांग फिरवून आडवी लावली, एक टोक केळनेला, दुसरं असई गावाला. मधलं अंतर मैलभराचं.

वेलस्लीच्या रांगेत डावीकडे, नदीच्या अंगाला, ७८ नंबरची स्कॉटिश पलटण. मधे मद्रासच्या हिंदी पलटणी. उजवीकडे ७४ नंबरची स्कॉटिश पलटण. ७८ ने तोफांवर चाल केली. आपले गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तोफेजवळच संगिनींनी मारले गेले. इंग्रजांनीच हे लिहून ठेवलं आहे. उजवीकडे मात्र पुढच्या पहाऱ्याची तुकडी वाट चुकून थेट असई गावाकडे गेली आणि तिच्या मागोमाग ७४ गेली. गावातल्या तोफा आणि बंदुकांनी त्यांना भाजून काढलं, वरून घोडदळ आलं. ७४ चे १० अधिकारी मेले, ७ जखमी झाले. साधे शिपाई १२४ मेले, २७० जखमी. वेलस्लीच्या घोडदळाने हल्ला करून जे उरले ते सोडवले. पुढे त्या घोडदळाचा कर्नल मॅक्सवेलही पडला. कंपनीच्या बाजूची एकूण मोजदाद ४२८ मेलेले, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता. जखमींना नंतर अजिंठ्याच्या गढीत हलवलं.

आता माझ्या बटणावरचा तो सात आठवा.

चौऱ्याहत्तर की अठ्ठ्याहत्तर? दोन्ही आकडे सातानेच सुरू होतात, दोन्ही पलटणी एकाच दिवशी त्या रानात होत्या, दोन्हींच्या साध्या शिपायांची बटणं कथलाचीच. मधे अंतर मैलभराचं. बटण असई गावाच्या कुशीत निघालं असेल तर तो शिपाई त्या भाजून निघालेल्या चौऱ्याहत्तरातला. केळनेच्या काठच्या रानात निघालं असेल तर अठ्ठ्याहत्तरातला. चिंच-राखेने जो आकडा पुसला तो त्या शेतकऱ्याच्या गट नंबराने परत भरता आला असता. मी दोन्ही घालवलं. एक घासून, दुसरं न विचारून.

म्हणून म्हणतो, आधी गट नंबर. अमेरिकेत लिटल बिगहॉर्न म्हणून एक रणभूमी आहे. १९८३ साली तिथलं गवत जळालं आणि पुढच्या वर्षीपासून संशोधकांनी सगळं रान डिटेक्टरने पिंजून काढलं. काडतुसाची प्रत्येक पुंगळी जिथे निघाली तिथे झेंडी रोवून नकाशा केला. कोण कुठे उभा राहिला, कुठून कुठे पळाला, ते त्या झेंड्यांनी सांगितलं. आपल्याकडे चौऱ्याहत्तरची दहा बटणं निघाली आणि दहाही जालन्याच्या कुणा शौकिनाच्या काचेच्या पेटीत चकचकीत मांडली, तर ती दहा बटणं. तीच दहा कोणत्या गटातून निघाली हे वहीत असेल, तर असई गावाच्या भिंतीपासून ती पलटण किती लांब मोडली, चौकोन करून कुठे उभी राहिली, हे कळायला सुरुवात होईल.

आपल्या काळ्या मातीचा खोडसाळपणाही लिहून ठेवा. उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, वरची वस्तू आत जाते. पावसाळ्यात माती फुगते, भेग मिटते, आतलं हळूहळू वर येतं. तेव्हा "दोन फूट खोल निघालं, म्हणजे जुनं" हा हिशोब काळ्या रानात चालत नाही. खोलीपेक्षा जागा महत्त्वाची. त्यातही एक अडचण हल्लीची. तलावातला गाळ उपसून शेतात टाकायची सरकारी योजना चालली, बऱ्याच जणांनी शेकडो ट्रॉल्या आणून टाकल्या, ते चांगलंच झालं. पण गाळासोबत आलेलं बटण हे त्या शेताचं नव्हे, तलावाचं. म्हणून वहीत एक रकाना असाही हवा: या रानात गाळ टाकलाय का, कुठला, कोणत्या साली. नदीतून वाळू उपसताना निघालेलं असेल तर तसं लिहा. रोटाव्हेटरचंही नाव घेतो, कारण कथलाच्या बटणाचा जो चुरा मी पाहिलाय तो नांगराने होत नाही.

आणि जमिनीत फक्त पलटणी नाहीत. भोकरदन म्हणजे सातवाहनांच्या काळचं भोगवर्धन. सत्तरच्या दशकात तिथे खोदकाम झालं, हस्तिदंती बाहुली निघाली, पार इटलीतल्या पाँपेईला सापडलेल्या बाहुलीच्या जातीची. बटण शोधायला डिटेक्टर लावून खड्डा मारणारा पोरगा त्या खापरांच्या थरातून जातो आणि त्याला ते दिसतही नाही, कारण खापर वाजत नाही. वरच्या नांगरटीत आलेलं उचला. खड्डा मात्र मारू नका. संरक्षित जागेत तर हातही लावू नका, तो गुन्हा आहे.

सापडल्यावर काय करायचं, हे घराघरातल्या बायकांना मुद्दाम सांगतो, कारण घासायची हौस आपल्या घरात त्यांनाच आणि शिंप्यांना. पितांबरी नको, चिंच नको, लिंबू नको, राख नको, टूथपेस्ट नको. पाण्यात भिजवायचं नाही. माती सुकू द्या, मऊ कोरड्या ब्रशने हलक्या हाताने झटका, निघेल तेवढी निघू द्या. कागदाच्या पुडीत गुंडाळा, पुडीवर गट नंबर लिहा. ओल लागणार नाही अशा डब्यात ठेवा. लोखंडाच्या वस्तू वेगळ्या. पितळेवर फिकट हिरवी पूड येऊ लागली तर ती पसरत जाते, शेजारच्यांपासून दूर करा. आकडा दिसत नसेल तर अंधाऱ्या खोलीत बटण ठेवून मोबाईलची बॅटरी आडवी, बाजूने धरा. सावलीत आकडे उठतात. फोटो दोन्ही बाजूंचा घ्या. शेजारी नाणं किंवा माझ्यासारख्याची टेप ठेवा. आमच्या धंद्यात बटण लाईनमध्ये मोजतात, चाळीस लाईन म्हणजे एक इंच, पण वहीत मिलिमीटर लिहिलेत तर सगळ्या जगाला कळेल.

एक सावधगिरीची गोष्ट. लोखंडाचा पोकळ गोळा, हातबॉम्बसारखं काही, किंवा शेपटीचं काही निघालं तर ते उचलायचं नाही, वहीत नंतर लिहायचं. आधी माणसं दूर, मग पोलीस.

कायद्याचं भय तुमच्या मनात आहे, मला माहीत आहे. "सरकारला कळलं तर शेत जाईल" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पाठ झालंय. एका बटणाने सातबारा बदलत नाही. १८७८ चा गुप्त निधीचा कायदा सांगतो की जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. त्याच कायद्यात शोधणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा वाटाही लिहिलाय. न कळवणं हा गुन्हा. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा म्हणतो की शंभर वर्षांची वस्तू ही पुरावस्तू. तिचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि खाजगी माणसाने ती देशाबाहेर पाठवायची नाही. तेव्हा तो पाच हजारवाला, जो हॉटेलात बसून फोटो मागवतो, तो तुमच्या पोराला कुठे उभा करतोय ते बघा. गंमत अशी की १९४८ चं दस्ताराचं बटण अजून शंभरीचं नाही, २०४८ ला होईल. ते कायद्याच्या व्याख्येत बसत नाही म्हणून भंगारात जातंय. आपल्या आजोबांनी रझाकार पाहिले. ती बटणं तरी वहीत आधी यायला हवीत.

एकदा मी स्वतः एका कार्यालयात दोन बटणं घेऊन गेलो होतो. कुठल्या ते सांगत नाही. समोरच्या साहेबांनी बटण उलटंपालटं केलं, विचारलं, "यात सोनं आहे का?" नाही म्हटल्यावर ते परत माझ्या हातात आलं. मी त्यांच्यावर रागावलो नाही. कागदाशिवाय आलेली वस्तू कार्यालयात अशीच दिसते. ग्रामसभेचा ठराव, शिक्का, वहीतला अनुक्रमांक आणि गट नंबर घेऊन तीच वस्तू तहसीलमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथून राज्य पुरातत्त्व खात्याकडे गेली, तर तिला नकार देणं अवघड जातं. म्हणून पत्र खात्याला लिहिलं नाही, तुम्हाला लिहिलं.

एक शंका मलाच छळते, ती सांगून टाकतो. बटणांच्या नकाशात कोण दिसणार? कंपनीचा गोरा शिपाई. मद्रासकडून आलेला तेलुगू-तमिळ शिपाई, जो त्या फौजेत गोऱ्यांहून कितीतरी जास्त होता. शिंद्यांच्या कवायती पलटणींतले काही. पण ज्याने बंडी बंदांनी बांधली होती, तो भालदार, तो तोफेचा बैल हाकणारा, असई गावातला जो कुणी त्या दिवशी घरात होता तो, यांचं बटण निघणार नाही. त्यांची मोजदाद कुणी केली नाही. इंग्रजांनी स्वतःच्या बाजूची केली, शेवटच्या अठरा बेपत्तांसकट. म्हणून वहीला "बटणांची वही" म्हणू नका. घोड्याचा नाल, भाल्याचं पातं, तोफेचा ओतीव लोखंडी गोळा, शिशाची पांढुरकी पडलेली गोळी, बैलाच्या घुंगरमाळेचा घुंगरू, हे सगळं येऊ द्या. गोळीवर दाताच्या खुणा असल्या, चपटी झालेली असली, तर तेही लिहा. लागलेली गोळी आणि खिशातून पडलेली गोळी सारखी दिसत नाही.

गुरुजी आणि बाई, वही तुमच्याकडे राहिली तर बरी. पोरांना रकाने आखायला लावा. अनुक्रमांक, तारीख, वस्तू, गट नंबर, बांधाची कोणती बाजू, मोबाईलचं लोकेशन, गाळ टाकला का, कुणाला सापडली, फोटो काढला का. पानं क्रमांकित करा म्हणजे कुणी फाडलं तर कळेल. दोनशे पानी वहीचे पैसे माझ्याकडे लागले; वहीला खाकी कापडाचं कव्हर मी शिवून देईन. डिटेक्टरवाल्या पोरांनाच वहीचे कारकून करा. त्यांना रान माहीत आहे, आणि त्यांचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत.

पहिली नोंद माझी घ्या. बटण पत्रासोबत पाठवतोय, घासलेलंच आहे, तसंच ठेवा.

अनुक्रमांक १. वस्तू : कथलाचं चपटं बटण, ओतीव कडी अर्धी तुटलेली. आकडा : सात, पुढचा पुसलेला. कुणाला सापडलं : नाव विचारलं नाही. गट नंबर :

आपला,
जुन्या जालन्यातला एक शिंपी